दोन-तीन क्लास एकत्र केले की मजा वाढते, की सगळेच सारखे होतात?

सैलानी_बाण
इथे एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन (पुढे ईएसओ) खेळणारे किती जण आहेत कल्पना नाही, पण प्रश्न ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळणाऱ्या सगळ्यांनाच आहे.

गेम २०१४ साली आला तेव्हापासून नियम साधा होता. क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार (योद्धा, मांत्रिक वगैरे), एकदा निवडला की निवडला. आज सात क्लास आहेत, प्रत्येकाच्या तीन स्किल लाइन, म्हणजे कौशल्यांचे गट. जून २०२५ च्या अपडेट ४६ मध्ये सबक्लासिंग आलं. पात्र ५० व्या लेव्हलला पोचलं की स्वतःच्या तीनपैकी दोन लाइन काढून दुसऱ्या क्लासच्या बसवायच्या. एक तरी स्वतःची ठेवावी लागते, आणि उसन्या लाइनला स्किल पॉइंट दुप्पट पडतात. बास.

मला वाटलं होतं, आता काय काय अचाट पात्रं बघायला मिळतील! झालं उलटंच. ट्रायलला, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेला, बारा जण जमले की त्यातले निम्मे तोच आर्कनिस्टचा लांबलचक हिरवा किरण मारत उभे. कोण नाइटब्लेड, कोण ड्रॅगननाइट, काही कळत नाही. माझा टेंप्लर हीलर (इतरांना बरं करणारा) आहे, आणि गिल्डमधले (आमच्या कायमच्या गटातले) लोक म्हणतायत की नुसता टेंप्लर आता चालणार नाही, बदल.

तर (१) क्लास मिसळू देणं मुळात चांगलं की वाईट? (२) माझ्या हीलरचं काय करू?

गप्पिष्ट_गावकर
लग्नात बुफे ठेवला म्हणून काय वैविध्य येतं? तीसेक पदार्थ मांडलेले असतात आणि पनीरच्या भांड्यापुढे रांग. तुमचा हिरवा किरण म्हणजे पनीर.

मुळशी_मेज
खिक्! +१

रानजाई
वाचतेय.

बिनपाण्याचा_मासा
सैलानीभाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर २००५ सालीच देऊन झालंय. गिल्ड वॉर्स हा गेम. पहिला, दुसरा नव्हे.

सुरुवातीला सहा प्रोफेशन, म्हणजे क्लासच : वॉरियर, रेंजर, मंक, नेक्रोमॅन्सर, मेस्मर, एलिमेंटलिस्ट. पुढच्या दोन भागांत दोन-दोन वाढून दहा. प्रत्येक पात्राचं एक मुख्य प्रोफेशन, ते जन्माचं. आणि एक दुय्यम, ते कथेत पुढे गेल्यावर हवं तेव्हा बदला. लेव्हल २० ला संपायची. शेकडो स्किल असली तरी बारवर, म्हणजे वापरायच्या पट्टीवर, फक्त आठ, आणि त्यात एलिट (सगळ्यात जबरी) एकच.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक प्रोफेशनचा एक खास गुण फक्त मुख्यवाल्यालाच मिळायचा. वॉरियरला स्ट्रेंग्थ, रेंजरला एक्स्पर्टीज, नेक्रोला सोल रीपिंग. चिलखत मुख्य प्रोफेशनचं, गुण वाढवणारे रून (चिलखतावर बसवायच्या वस्तू) तेही मुख्यच्याच गुणांना लागू. त्यामुळे वॉरियर/मंक आणि मंक/वॉरियर (आधी मुख्य, मग दुय्यम) हे दोन वेगळेच प्राणी असायचे, एकाला दुसऱ्याचं काम जमायचं नाही.

त्यात पॉइंटची चणचण. एकूण २००. एक गुण १२ पर्यंत न्यायला ९७ लागतात. दोन गुण १२ वर नेलेत की १९४ उडाले, उरलेल्या सहात तिसरा जेमतेम ३ वर. दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं असेल तर स्वतःच्या घरातलं काहीतरी विकूनच.

आणि यातून काय काय निघालं! रेंजर/नेक्रो घ्या. एक्स्पर्टीजच्या दर पायरीला रेंजरच्या स्किलची ऊर्जा ४ टक्क्यांनी कमी लागते. पण ती सवलत स्पर्शाच्या स्किललाही होती, मग ती कुठल्याही प्रोफेशनची का असेनात. लोकांनी नेक्रोचे व्हँपायरवाले स्पर्श उचलले. १५ ऊर्जेचं स्किल ७ मध्ये. हे टच रेंजर धनुष्य खाली ठेवून थेट अंगाला येऊन चिकटायचे. नेक्रोला स्वतःला ही चैन परवडत नव्हती. स्किल त्याचं, फायदा दुसऱ्याला!

ईएसओत ही ओढाताणच नाही. दोन लाइन काढल्या, दोन घातल्या, पॉइंट थोडे जास्त गेले, विषय संपला.

आकडेमोड
मासा, प्रतिसाद मस्त. पण गिल्ड वॉर्सची आठवण जरा गोड होऊन आलीये. दहा प्रोफेशन, म्हणजे मुख्य-दुय्यमच्या ९० जोड्या. त्यातल्या खेळात खरोखर किती दिसायच्या? पार्टी शोधायला उभं राहिलं की लोक आधी बिल्ड, म्हणजे स्किल आणि गुणांची जुळणी, विचारायचे. विकीवर बिल्ड तयार असायची, टेम्प्लेटचा कोड चिकटवला की आठही स्किल बारवर हजर. तेव्हाही रांग पनीरलाच होती.

२०११ च्या रिफ्ट या गेममध्ये चार कॉलिंग (मूळ क्लास), प्रत्येकात आठ सोल (उपप्रकार), त्यातले तीन एका वेळी. आठातून तीन म्हणजे ५६, चार कॉलिंगचे २२४. त्यातही थोड्याच दिवसांत ठरावीक मिश्रणंच उरली. गणित कितीही मोठं करा, माणसं एकाच जागी येऊन बसतात. दोष मिसळण्याचा नाही, लीडरबोर्डचा आणि 'बेस्ट बिल्ड' म्हणून ओरडणाऱ्या व्हिडिओंचा आहे.

बिनपाण्याचा_मासा
आकडेमोड, रूढ बिल्ड होत्याच, नाही कुठे म्हणतोय? पण त्या वेगवेगळ्या होत्या. एकाच पार्टीत आठ जण आठ प्रकारचे लागायचे. इथे बारातले सहा एकच काम करतायत, फरक फक्त हाच आहे.

गप्पिष्ट_गावकर
गिल्ड वॉर्स निघालंच आहे तर वॉरियर/मंक आणि त्यांचं मेंडिंग कसं विसरता हो? नवीन आलेला प्रत्येक जण वॉरियर/मंक. प्रत्येकाच्या अंगावर मेंडिंग. आणि प्रत्येक जण मेलेला.

रानजाई
हे मेंडिंग काय प्रकरण आहे? आम्हा अडाण्यांना सांगा की कुणीतरी.

बिनपाण्याचा_मासा
रानजाई, मेंडिंग म्हणजे मंकचा एक मंत्र. अंगावर ठेवला की हळूहळू आरोग्य भरत राहतं. ऐकायला झकास. पण तो टिकवायला ऊर्जा भरण्याचा एक टप्पा कायमचा द्यावा लागतो. मंककडे असे चार टप्पे असतात, त्याला काही वाटत नाही. वॉरियरकडे मुळात दोनच. म्हणजे निम्मी आवक गहाण. बदल्यात सेकंदाला दोन-चार आरोग्य. समोरचा एका फटक्यात पन्नास काढतोय आणि हे दोन-दोन भरतायत.

रानजाई
=)) हहपुवा. कळलं.

शुद्ध_तूप
मला ही मिसळामिसळ पहिल्यापासून पटलेली नाही. क्लास म्हणजे मर्यादा. हीलरला मारता येत नाही, म्हणून त्याला पुढे उभा राहणारा लागतो. पुढे उभ्या राहणाऱ्याला स्वतःला बरं करता येत नाही, म्हणून त्याला हीलर लागतो. चार माणसं एकमेकांना विचारतात, ओळख होते, गिल्ड होते ती यातून. प्रत्येकाला सगळं यायला लागलं की गेम ऑनलाइन कशाला हवा? एकट्यानेच खेळा की.

गिल्ड वॉर्स बनवणाऱ्यांनीच २०१२ साली दुसऱ्या भागातून दुय्यम प्रोफेशन काढून टाकलं. यातच काय ते आलं. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

तोक्यो_तळेगाव
शुद्ध_तूप, तुमच्या मुद्द्याला बरोबर उलटा पुरावा माझ्याकडे आहे. माझी बरीच वर्षं जपानात गेली, आणि तिथे ऑफिसातल्या पोरांनी मला फायनल फँटसी ११ ला लावलं. हा गेम २००२ चा, तिथे आधी प्लेस्टेशन २ वर आला. यात एका पात्राला सगळे जॉब, म्हणजे क्लास, शिकता येतात, पण एका वेळी एक मुख्य जॉब आणि एक सब-जॉब. सब-जॉबची लेव्हल मुख्यच्या निम्मीच धरतात. मुख्य ७५ असेल तर सब ३७. त्या ३७ सुद्धा कुणी फुकट देत नाही, तो जॉब वेगळा खेळून वाढवायचा.

सब-जॉब उघडायचं कामच १८ व्या लेव्हलला. सेल्बिना गावातल्या म्हाताऱ्याला तीन वस्तू आणून द्यायच्या, त्यातली मंतरलेली कवटी रात्री फिरणाऱ्या भुतांकडे. त्यासाठी शेजारच्या वाल्कर्मच्या वाळूत सगळे नवशिके एकत्र मरत पडलेले असायचे. एकट्याने जमणं अवघड, म्हणून अनोळखी लोकांना हाका मारायच्या. तूपराव, ओळखी तिथे झाल्या, आणि त्या क्लास मिसळण्यासाठीच झाल्या.

आता गंमत ऐका. निंजा हा जॉब मारामारीसाठी बनवला होता. पण त्याच्याकडे उत्सुसेमी नावाची विद्या आहे. स्वतःच्या सावल्या उभ्या करायच्या, फटके त्या खातात. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की हा तर पुढे उभा राहायला लई भारी. झालं, निंजा टँक बनला. मग बाकीच्यांनी त्याला सब-जॉब म्हणून उचललं. सावल्यांची दुसरी पायरी निंजाच्या ३७ व्या लेव्हलला मिळते, म्हणजे मुख्य जॉब ७४ ला पोचल्यावर. त्या एका विद्येसाठी लोक निंजा ३७ पर्यंत घासायचे. शिवाय दर वेळी शिहेई नावाचा कागद खर्च होतो, तो पैसे देऊन घ्यायचा. फटके चुकवण्याचं बिल रोजच्या रोज येत होतं.

शुद्ध_तूप
हेमाशेपो म्हटलं होतं, पण राहवत नाही. तळेगावकर, यात निंजाला सब म्हणून न घेणाऱ्याला पार्टीत घ्यायचे का, ते सांगा.

तोक्यो_तळेगाव
...पुष्कळदा नाही. मान्य.

आकडेमोड
:ड

प्रशासक
धागा 'गप्पा' मधून 'खेळ' विभागात हलवला आहे. शीर्षकातले पाच प्रश्नचिन्हांपैकी चार काढले आहेत.

सौ_सुपरनोविस
माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल. रॅग्नारॉक ऑनलाइन! भारतासाठी वेगळा सर्व्हर होता, फार वर्षं टिकला नाही. डोंबिवलीत आमच्या सायबर कॅफेत कॉलेजची मुलं संध्याकाळभर त्यावर असायची. मुलगी म्हटलं की सगळे म्हणायचे, ॲकोलाइट (बरं करणारा क्लास) हो, आम्हाला हील दे. मी सुपर नोविस व्हायचं ठरवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नोविस म्हणजे नवशिका, साधारणपणे दहाव्या जॉब लेव्हलला तो सोडून पहिला क्लास घेतात. सुपर नोविस मात्र कुठलाच क्लास घेत नाही, ४५ व्या लेव्हलपर्यंत नवशिकाच राहतो आणि मग त्याला पहिल्या फळीच्या जवळजवळ सगळ्या क्लासची स्किल शिकता येतात. तलवारबाजाची, मांत्रिकाची, चोराची, व्यापाऱ्याची. बदल्यात आरोग्य नवशिक्याचं, आणि दुसऱ्या फळीचे नाइट, विझार्ड वगैरे कायमचे बंद. फूंकर मारली तरी मरायचं.

कुणी पार्टीत घ्यायचं नाही. तरी मी एकदम खूश. स्वतःला हील, स्वतःच आगीचा गोळा, स्वतःच दुकान मांडून बसायचं. सगळ्या धाग्यात 'परवडतं का', 'चालतं का' एवढंच चाललंय. मजा येते का, हे कोणी विचारणार आहे का?

रानजाई
सौ., जियो. हा प्रतिसाद सगळ्यात आवडला.

मुळशी_मेज
आता डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनवाल्यालाही (डीडीओ) बोलू द्या. २००६ पासून चालू असलेला गेम आहे, आणि इथे दर लेव्हलला क्लास निवडता येतो, जास्तीत जास्त तीन क्लास. पुष्कळ लोक मुख्य क्लासच्या १८ घेतात आणि दुसऱ्याच्या दोन. याला आम्ही स्प्लॅश म्हणतो, म्हणजे नुसता शिंतोडा.

उदाहरणच देतो. विझार्ड (मांत्रिक) १८, रोग (आजार नव्हे, इंग्रजीतला rogue, चोर) २. रोगच्या दोन लेव्हलवर इव्हेजन मिळतं. आगीचा गोळा आला आणि वेळेत अंग चोरलं, तर अर्धं नव्हे, शून्य नुकसान. हे फक्त हलक्या चिलखतात किंवा चिलखताशिवाय चालतं, विझार्ड तसाही झग्यातच असतो. शिवाय सापळे निकामी करता येतात. त्याला स्किल पॉइंट भरपूर लागतात आणि ते येतात इंटेलिजन्समधून, जो विझार्ड पहिल्या दिवसापासून भरतच असतो. नवव्या पातळीचे मंत्र विझार्डच्या १७ व्या लेव्हलला मिळतात, तेव्हा १८ वर ते हातचे जात नाहीत. जातं काय? शुद्ध २० वाल्याला शेवटी जे बक्षीस मिळतं ते, आणि थोडी मंत्रांची धार. एक खाच मात्र आहे. पात्राची पहिली लेव्हल रोगचीच घ्यायची, कारण पहिल्या लेव्हलला स्किल पॉइंट चौपट मिळतात. आधी विझार्ड घेऊन मग रोग घेतलात की ते पॉइंट गेले ते गेलेच.

आमच्या गिल्डमध्ये शुद्ध विरुद्ध शिंतोडा हा वाद अजून चालू आहे, आणि दोन्हीकडचे लोक खरोखर तसं खेळतात. कारण दोन्हीकडे काहीतरी हातातून सुटतं.

जुनेपाने
मुळशी, हे सगळं टेबलावरच्या डी अँड डीतून आलंय, आणि तिथे फुकटात मिसळू द्यायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. १९७८ च्या नियमात एल्फला फायटर आणि मॅजिक-युझर एकदम होता यायचं, पण अनुभवाचे गुण दोघांत वाटले जायचे, त्यामुळे बाकीच्यांच्या मागे राहायचं. माणसाला तर तेही नाही. माणसाने जुना क्लास थांबवायचा, नवा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा, आणि नवा जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली की त्या साहसाचा अनुभव बुडालाच समजा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळं मोकळं केलं, तरी क्लासांमधलं अंतर फार वाढलं तर अनुभवातून २० टक्के कापायची सोय ठेवलीच. माणसाच्या जातीला शिस्त लावायची हौस फार त्या लोकांना.

गप्पिष्ट_गावकर
आणि २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ ने काय केलं? कुठल्याही क्लासमधून कुठल्याही क्लासमध्ये जा, आवडलं नाही तर त्या हाडकुळ्या विदर्सला १०० सोन्याची नाणी दे आणि पुन्हा पहिल्यापासून. मी बार्डचा पॅलडिन, पॅलडिनचा वॉर्लॉक करून बघितला. काय बिघडलं?

आकडेमोड
ते चार मित्रांपुरतं आहे. तिथे तुझ्या डॅमेजचा तक्ता काढून कोणी तुला गटाबाहेर काढत नाही. सैलानीचा प्रश्न अनोळखी बारा जणांचा आहे.

रच्याकने, मासा, ५५ मंकबद्दल लिहिलंच नाहीस. गिल्ड वॉर्सवर बोलायचं आणि ते गाळायचं?

बिनपाण्याचा_मासा
तो जोडीचा नमुना नाही म्हणून गाळला, पण हौसेने सांगतो. लेव्हल २० ला आरोग्य ४८०. सुपीरियर रून गुण तीनने वाढवतो पण आरोग्य ७५ ने कापतो. लोकांनी मुद्दाम पाच लावले : ३७५ गेले, १०५ उरले. हातात आणखी ५० कापणारी वस्तू. उरले ५५. आता प्रोटेक्टिव्ह स्पिरिट लावा : एका फटक्यात एकूण आरोग्याच्या दहा टक्क्यांहून जास्त जात नाही. ५५ चे दहा टक्के म्हणजे पाच. राक्षसाने दोनशेचा घाव घातला तरी पाचच. तेवढं भरून काढणारे मंत्र वर लावले की हा हडकुळा मंक अख्ख्या झुंडीत उभा. सोबत स्पिटफुल स्पिरिट हा मंत्र मारणारा नेक्रो घेऊन दोघेच अंडरवर्ल्ड नावाच्या भागात शेती करायचे, म्हणजे तेच राक्षस पुन्हापुन्हा मारून माल गोळा करायचे. मंत्र उतरवणारा कोणी समोर आला की मात्र एका क्षणात कारभार आटोपला.

जुनेपाने
वाखु (वाचनखूण) साठवली.

सैलानी_बाण
बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर केवढा धागा! सगळ्यांना धन्स. माझ्या डोक्यात आता एवढं आलंय की मिसळण्याबद्दल माझी तक्रार नाहीये. टेंप्लरची लाइन सोडताना मला काहीच सोसावं लागत नाही, ही आहे. ईएसओत आधीपासूनच कुठलाही क्लास कुठलंही चिलखत घालतो, कुठलंही हत्यार घेतो. लाइन तेवढ्या वेगळ्या होत्या, त्याही गेल्या. तरी आकडेमोडचा मुद्दा पूर्ण खोडता येत नाही.

पण (२) चं उत्तर कोणीच दिलं नाही हो! शनिवारी ट्रायल आहे.

रात्रपाळी
मी ईएसओत हीलरच खेळते, धागा आत्ता दिसला. रिस्टोरिंग लाइट ठेवाच, हीलर टेंप्लरचा जीव त्यात आहे. टेंप्लरची डॉन्स रॅथ काढून वॉर्डन क्लासची ग्रीन बॅलन्स घ्या. तिच्यातल्या एका पॅसिव्हमुळे (आपोआप लागू होणाऱ्या स्किलमुळे) तुम्ही ज्याला हील कराल त्याचं कमाल आरोग्य १० टक्क्यांनी वाढतं, गटाला ते आवडतं. तिसरी लाइन गटात बाकीचे काय आणतायत ते विचारून ठरवा, नाहीतर एड्रिक स्पिअर तशीच राहू द्या. दोन्ही बदलल्याच पाहिजेत असा काही कायदा नाही. आणि भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळत असाल तर पिंगमुळे (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळामुळे) आधी पसरून ठेवायचे हील जास्त वापरा, ऐनवेळचे पोचत नाहीत.

सैलानी_बाण
रात्रपाळी, तुमचं भलं होवो. स्पिअर ठेवतो.

शुद्ध_तूप
एक तरी लाइन वाचवली. माझं काम झालं.

नवा_भिडू
धागा वर काढतोय. मी आजवर मोबाइलवरचेच गेम खेळलोय, हे सगळं वाचून हात शिवशिवतायत. लॅपटॉप साधा आहे, पैसेही नाहीत. यातलं काय खेळू?

मुळशी_मेज
डीडीओ. २००९ पासून फुकट खेळता येतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. काही क्लास आणि मोहिमा विकत घ्याव्या लागतात, पण विझार्ड, रोग फुकट आहेत.

बिनपाण्याचा_मासा
गिल्ड वॉर्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याची वर्गणी नाही. सर्व्हर अजून चालू आहेत, आणि माणसं नसली तरी संगणकाचे साथीदार घेऊन खेळता येतं.

तोक्यो_तळेगाव
फायनल फँटसी ११ ला दर महिन्याला पैसे लागतात, तेव्हा तुझ्यासाठी नको. प्लेस्टेशन २ वरचा २०१६ ला बंद झाला, आता पीसीवरच आहे.

सौ_सुपरनोविस
नवा_भिडू, काहीही घे, फक्त पहिल्या दिवशी बिल्डचे व्हिडिओ बघू नकोस.

नवा_भिडू
डीडीओ डाउनलोडला लावलाय. पहिली लेव्हल रोग, मग विझार्ड, बरोबर ना?

मुळशी_मेज
बरोबर. पात्र बनवतानाच इंटेलिजन्स भरून घे. आणि सापळा उघडायला गेलास की बाकीच्यांना मागे थांबायला सांग, सुरुवातीला फुटतात.